साहेबाची किटली

दूधवाल्यांच्या वस्तीत ‘नमुना’ या शब्दाचे दोनच अर्थ होते. एक म्हणजे डेअरीच्या साहेबाला दाखवायचं दूध, आणि दुसरा म्हणजे थोरलीचा नवरा. हा दुसरा अर्थ थोरलीच्या धाकट्या जावेनं काढलेला. थोरलीचा नवरा गोठ्यात गाईंशी तासन्‌तास गप्पा मारायचा आणि घरात पाऊल टाकलं की मुका व्हायचा. म्हणून धाकटी त्याला पाठीमागे नमुना म्हणायची, आणि थोरलीला ते ऐकू जाईल एवढी काळजीही घ्यायची.

पहिला अर्थ मात्र साऱ्या वस्तीचा होता. डेअरीचा साहेब न सांगता यायचा, दुधात नळी बुडवायचा, फॅट बघायचा. तो न सांगता यायचा खरा, पण त्याची मोटारसायकल चढणीलाच इतकी खोकायची की प्रत्येक घरात तेवढ्या वेळात साहेबाची किटली बाहेर यायची. ही किटली वेगळीच असे. घासूनपुसून लख्ख, बिनपोच्याची, झाकणाला साखळी असलेली. तिच्यात सगळ्यांत चांगल्या गाईचं शेवटच्या धारांचं, दाट दूध. यात आपण कुणाला फसवतो असं कुणाच्या मनातही यायचं नाही. पाहुण्यापुढे कोणी फाटकी चादर अंथरतं का? साहेबालाही हे माहीत होतं, आणि त्याला माहीत आहे हे सगळ्यांना माहीत होतं. थोरली लग्न होऊन या घरात आली त्या दिवसापासून तिनंही हेच केलं होतं.

मग रोग आला. जनावरांच्या तोंडाला फेस, खुरांत जखमा. थोरलीच्या गोठ्यात एकच गाय आजारी पडली होती, पण वरून हुकूम आला की या भागातलं एकही जनावर ठेवायचं नाही, धडधाकटसुद्धा नाही. पांढऱ्या पोशाखातली माणसं आली. परक्या हातानं गाई ट्रकवर चढेनात, तेव्हा थोरलीच्या नवऱ्यानं त्यांना एकेक करून स्वतः चढवलं, त्यांच्याशी नेहमीसारखं बोलत. त्यानंतर त्याला बोलायला कुणी उरलं नाही.

वस्तीच्या वरच्या अंगाला, उतारावर, यंत्रानं मोठा खड्डा खणला होता. सगळी जनावरं त्यात गेली. वर चुना, वर माती, भोवती काटेरी तार. सरकारी खात्याच्या पाटीवर त्याला ‘विल्हेवाट क्षेत्र’ म्हटलं होतं. वस्तीतले लोक त्याला ‘मोठा गोठा’ म्हणायला लागले. ही थट्टा कुणी सुरू केली कोण जाणे, पण हसलं मात्र कुणी नाही.

खड्ड्याच्या खाली पहिलं घर थोरलीचं, त्याच्या खाली धाकटीचं, आणि मग बाकीची. प्रत्येकाच्या परसात विहीर. कुठंतरी पाणी मुरतंय असं आपण सहज म्हणून जातो. इथं ते खरोखरच मुरत होतं, चुन्यातून, मातीतून, आणि ज्यांना हातानं चारा घातला त्यांच्या हाडामांसातून. पुढच्या वर्षी थोरलीच्या विहिरीच्या पाण्यावर सकाळी तेलकट तवंग दिसायला लागला. पाणी उकळलं की वास जायच्याऐवजी वाढायचा.

त्याच सुमारास थोरलीला नात झाली. सुनेला दूध पुरेना, म्हणून डब्यातली पावडर. दूधवाल्यांच्या घरात डब्यातलं दूध आलं याची थोरलीला लाज वाटली. तीच रोज पाणी उकळायची, चांगलं खळखळून, आणि आपण किती नीट करतो याचा तिला अभिमान होता. एक दिवस पोरीचे ओठ निळसर दिसले, मग नखं. इस्पितळात डॉक्टरांनी पोर वाचवली आणि थोरलीला बाजूला घेऊन सांगितलं की या पाण्यात जे आहे ते उकळून जात नाही. पाणी आटतं, ते मागे राहतं, म्हणजे उलट दाट होतं. विहिरीचा थेंबही पोरीच्या तोंडात जाता कामा नये, नाहीतर पुढच्या वेळी इथंवर पोचायला उशीर होईल.

थोरली घरी येऊन चुलीपुढे बसली. ज्या भांड्यात ती पाणी उकळायची ते भांडं तिनं परसात नेऊन फेकलं आणि थोड्या वेळानं परत आणून ठेवलं. भांड्याचा काय दोष.

वस्तीत एक निवृत्त कंपाउंडर होता. डॉक्टर सोडून गेल्यावरही त्यानं दवाखान्याची खोली सोडली नव्हती, आणि लोकही सवयीनं त्याच्याकडूनच गोळ्या न्यायचे. त्यानं पुढाकार घेतला, खात्याच्या कचेरीत चपला झिजवल्या, आणि शेवटी एक तोड निघाली. वस्तीनं आपल्या विहिरींवर आपणच पहारा ठेवायचा. प्रत्येक विहिरीचं पाणी बाटलीत भरून शहरातल्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत पाठवायचं. तिथल्या मॅडम तपासून देतील आणि ते निकाल खातं मानेल. वस्तीतल्या बहुतेक विहिरी खराब निघाल्या तर वरच्या तलावावरून नळ येईल. एखादीच खराब निघाली तर त्या विहिरीवर झाकण बसेल, पण एका घरासाठी नळ मिळणार नाही. तपासणी चालेल तोवर टँकर.

थोरलीनं एवढंच डोक्यात ठेवलं: टँकर संपायच्या आत नळ आला पाहिजे. बाकीचं सगळं कंपाउंडरचं.

बाटल्या वाटायच्या दिवशी कंपाउंडर म्हणाला की लोकांचं पाणी लोकांनीच भरावं, म्हणजे उद्या कोणी नाव ठेवायला नको. बाटल्या नव्या कोऱ्या, पांढऱ्या बुचाच्या. घराघरांत त्या देताना त्यानं प्रत्येक दारात एकच वाक्य म्हटलं, आणि सगळा घोळ त्या वाक्यात होता. तो म्हणाला, “पाण्याचा नमुना द्यायचाय.”

थोरलीचाही हात क्षणभर चुकला होता. बाटली घेऊन ती सरळ टँकरच्या पिंपाकडेच गेली आणि झाकण उचलल्यावर तिच्या ध्यानात आलं. मग तिनं विहिरीत बादली सोडली, तवंगासकट पाणी काढलं आणि बाटली भरून बूच घट्ट लावलं.

निकाल आला तेव्हा सगळे दवाखान्याच्या खोलीत जमले होते. थोरलीची विहीर खराब, पिण्यास अत्यंत अयोग्य. बाकी सगळ्या विहिरी स्वच्छ. नुसत्या स्वच्छ नाहीत, मॅडमनी कळवलं होतं की या भागात इतकं चांगलं पाणी त्यांनी पाहिलं नव्हतं. खोलीत समाधानाची एक कुजबुज पसरली. कुणाचं पाणी जास्त चांगलं यावर दोघा जणांत गमतीत पैजही लागली. कंपाउंडर तेवढा डोकं धरून बसला.

थोरली तिथून तडक धाकटीच्या परसात गेली. धाकटीच्या विहिरीवर वाकून तिनं वास घेतला. तोच वास. धाकटी भांडी घासत होती.

“बाटली कुठून भरलीस गं?” थोरलीनं विचारलं.

“शाळेच्या नळावरून,” धाकटी म्हणाली. तिच्या आवाजात चोरी पकडली गेल्याचा मागमूस नव्हता. “तिथं पाणी चांगलं येतं. नमुना द्यायचा होता ना, जाऊबाई? मग विहिरीतलं घाण पाणी कसं देणार? आपलं नाव काय राहिलं असतं?”

थोरलीला हसावं की हिच्या झिंज्या धराव्यात ते कळेना. तिनं समजावलं की वाईट पाणी असेल तरच नळ येणार आहे. धाकटीनं ते ऐकून घेतलं आणि मान डोलावली. मग हळूच म्हणाली की डेअरीवाले पुन्हा गाई देणार आहेत म्हणे, पण पाणी चांगलं असलेल्या घरांनाच. आणि तिच्या लेकीला दिवस गेलेले, जावई घरातच राहणारा. त्याच्यासमोर विहीर नासलीय असं जाहीर कशाला करायचं.

थोरली घरोघर फिरली. कुणी शाळेच्या नळाचं भरलं होतं, कुणी टँकरचं, एकानं तर दुकानातून सीलबंद बाटली आणून ओतली होती आणि ते तो मोठ्या प्रेमानं सांगत होता. लबाडी अशी कुणीच केली नव्हती. सगळ्यांनी आपापली साहेबाची किटली बाहेर काढली होती, इतकंच. थोरलीला चीड आली ती याचीच. लबाडांशी भांडता तरी येतं.

कंपाउंडरनं मॅडमना फोन करून आणखी एक संधी मागितली. मॅडम म्हणाल्या की एका विहिरीचा निकाल इतका वेगळा असणं त्यांनाही खटकलंय, बाटली हाताळताना काही चूक झाली असेल. पुन्हा पाठवा. खात्याचं म्हणणं आलं की ही फेरी शेवटची. कंपाउंडरनं बैठक घेऊन सगळ्यांना घसा कोरडा पडेस्तोवर समजावलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. बाटल्या गोळा करायचं काम या वेळी थोरलीला दिलं.

सकाळी ती पिशवी घेऊन निघाली. आपल्या डोळ्यांसमोर विहिरीतून बाटली भरून घ्यायची, असं तिनं ठरवलं होतं. पण प्रत्येक दारात बाटली आधीच भरून तयार. लख्ख पुसलेली, एका घरी तर तिला स्वच्छ फडकंही गुंडाळलेलं. पाणी असं नितळ की पलीकडचं दार दिसावं. विहिरीचंच आहे, शपथ घेतो, असं प्रत्येक जण म्हणाला. थोरलीनं कुणाशी वाद घातला नाही. धाकटीनं बाटली देताना नजर चुकवली आणि नात कशी आहे ते विचारलं. बरी आहे, थोरली म्हणाली.

घरी येऊन ती विहिरीच्या काठावर बसली. तिनं एकेक बूच काढलं आणि ते सगळं सुंदर पाणी परसात ओतून दिलं. मग आपल्या विहिरीत बादली सोडली, आणि त्या एका बादलीतून सगळ्या बाटल्या भरल्या. धाकटीची, सीलबंदवाल्याची, सगळ्यांची.  तिला इतकं बरं वाटत होतं, जसं कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. उतारावरचं पाणी खालीच जातं. या विहिरीत आहे तेच सगळ्यांच्या विहिरीत आहे, हे नाकानं कळतंय. मग यात खोटं काय? खोटं तर मी आत्ता ओतून टाकलं, असं ती स्वतःशी म्हणाली. सगळ्यांच्या घरचं दूध एकाच टाकीत ओतायची सवय जन्माची. पाण्याला तरी वेगळा नियम कशाला, असाही एक विचार तिच्या डोक्यात येऊन गेला.

नवरा ओट्यावरून बघत होता. तो उठून आला आणि भरलेल्या बाटल्यांची बुचं घट्ट लावू लागला.

या खेपेला निकाल कागदावर आला नाही. मॅडम स्वतः आल्या, आणि त्यांच्याबरोबर खात्याचा साहेब. दवाखान्याच्या खोलीत पुन्हा सगळे जमले. मॅडम वयानं लहान, बोलायला मृदू. त्यांनी आधी सांगितलं की सगळ्या बाटल्यांतलं पाणी अत्यंत खराब आहे. थोरलीनं श्वास सोडला. नळ आला, असं तिला वाटलं, आणि पाण्यानं भरलेली बाटली सुनेच्या हातात देतानाचं चित्रही तिच्या डोळ्यांसमोर उभं राहिलं.

मग मॅडम म्हणाल्या, “पण सगळ्या बाटल्यांत तंतोतंत सारखंच आहे. शेवटच्या दशांशापर्यंत. शेजारशेजारच्या दोन विहिरींचं पाणीसुद्धा असं सारखं नसतं. हे एकाच बादलीतलं पाणी आहे. कोणी भरलं?”

खोलीतल्या साऱ्या माना थोरलीकडे वळल्या. तिनं नाकारलं नाही. मी भरलं, म्हणाली, आणि का भरलं तेही सांगितलं. शाळेच्या नळाचं, टँकरचं, सीलबंद बाटलीचं, सगळं. सांगताना तिनं एकेकाकडे बोट दाखवलं. ज्याच्याकडे बोट जाई तो छताकडे बघे. सीलबंदवाला तर आपण दुकानात कधी जातच नाही म्हणाला. शेवटी तिनं धाकटीला विचारलं, “तू सांग. तुझ्या विहिरीचं पाणी तू पितेस?”

धाकटीच्या शेजारी तिचा जावई उभा होता. ती म्हणाली, “आमची विहीर चांगलीच आहे. जाऊबाईंनी आमचं पाणी बदललं. आम्हाला पहिल्यापासून पाण्यातच पाहतात त्या.”

साहेबाला हसू आलं. त्यानं ते आवरायचा फारसा प्रयत्न केला नाही. “एकेक नमुने आहेत,” तो मॅडमना म्हणाला. मग सगळ्यांना उद्देशून जाहीर केलं की लोकांनी घेतलेल्या तपासणीवर आता विश्वास ठेवता येत नाही, पहिल्या फेरीवरही नाही. म्हणजे थोरलीची पहिली बाटली, त्या सगळ्या गोंधळातली एकमेव खरी बाटली, तीही गेली. खातं आता आपला नमुना आपण घेईल, आणि तपासणी संपली म्हणून टँकर बंद, शाळेची टाकी भरणारासुद्धा.

मॅडम जाताना थोरलीपाशी थांबल्या. “मला बोलावलं असतं तर मी येऊन माझ्या हातानं भरून नेलं असतं,” त्या म्हणाल्या. “आता ते मला येऊ देणार नाहीत.” थोरलीला त्यांचा राग आला, कारण त्या खरं बोलत होत्या. बोलावता येतं हेच तिला सुचलं नव्हतं. तपासणारा साहेब आपणहून येतो किंवा येत नाही, त्याला कोणी बोलावतं हे तिनं आयुष्यात पाहिलं नव्हतं.

खात्याचा माणूस पुढच्या आठवड्यात येऊन गेला. त्यानं पाणी घेतलं ते वरच्या रस्त्यावरच्या, बाटलीभर देऊन कोरड्या पडणाऱ्या हातपंपाचं, खड्ड्याच्याही वरचं, कारण गाडी तिथंवरच जात होती. ते चांगलं निघालं. मग दोन रंगारी आले आणि त्यांनी प्रत्येक विहिरीच्या कठड्यावर हिरव्या रंगात ‘पिण्यास योग्य’ असं लिहिलं. थोरलीच्याही. खात्यालाही साहेबाची किटली भरता येते, हे त्या दिवशी थोरलीला कळलं, आणि ती परसात उभी राहून एकटीच हसली. त्या हसण्याला सून घाबरली आणि पोरीला घेऊन आत गेली.

कंपाउंडरनं दवाखान्याच्या खोलीला कुलूप लावलं. डेअरीनं पुन्हा गाई दिल्या, पण शेजारच्या वस्तीला.

थोरलीच्या नवऱ्यानं दुधाची हातगाडी बाहेर काढली. चाकांना तेल दिलं, जुने दुधाचे कॅन घासले, आणि रोज पहाटे टेकडी ओलांडून तलावाच्या नळावर जाऊ लागला. परत येईस्तोवर ऊन चढलेलं असे. ते पाणी पोरीचं. घरातलं दुसरं कुणी त्याला हात लावत नसे. थोरली, तिचा नवरा, मुलगा आणि सून विहिरीचंच प्यायची, नाक दाबून. नवऱ्याची पाठ त्या गाडीनं पार वाकली. वस्तीतून गाडी जाताना लोक दारं लोटून घ्यायचे. बघायला त्रास होत असेल, थोरली म्हणायची, आणि मुद्दाम मोठ्यानं म्हणायची.

एके दुपारी परसाचं दार वाजलं. धाकटी उभी होती. दवाखान्यातल्या त्या दिवसापासून दोघींत बोलणं नव्हतं. धाकटीच्या लेकीला मुलगा झाल्याचं थोरलीनं भिंतीपलीकडच्या रडण्यावरून ओळखलं होतं. धाकटीच्या हातात किटली होती. घासूनपुसून लख्ख, बिनपोच्याची, झाकणाला साखळी असलेली.

“थोडं पाणी मिळेल का, जाऊबाई?” ती म्हणाली. “तलावाचं.”

थोरलीनं त्या किटलीकडे पाहिलं. मग तिनं भिंतीवरून दिसणाऱ्या धाकटीच्या विहिरीकडे पाहिलं. हिरवी अक्षरं अजून ताजी होती.

“कशाला हवंय?” तिनं विचारलं. “नमुन्याला की प्यायला?”

धाकटी बराच वेळ किटलीच्या साखळीशी चाळा करत राहिली. तिचे डोळे भरले, पण थोरलीला तेवढं पुरेसं नव्हतं, दार अडवून ती उभीच राहिली.

“प्यायला,” धाकटी शेवटी म्हणाली. “त्याची नखं निळी पडलीत.”

हेच तिनं दवाखान्यात, जावयाच्या देखत म्हटलं असतं, नुसतं ‘नाही, पीत नाही’ एवढं जरी, तरी आज वस्तीत नळ असता. थोरलीनं तिला माफ केलं नाही. आताही नाही आणि पुढेही करणार नव्हती. तिनं किटली हातातून ओढून घेतली आणि पिंपाचं झाकण उघडलं. पाणी तळाला होतं, पोरीला रात्रीपर्यंत जेमतेम पुरेल एवढं. तिनं त्यातलं अर्धं किटलीत भरलं. “आधी इस्पितळात ने त्याला,” ती म्हणाली, “आणि तिथं विचारलं तर कुठलं पाणी ते खरं सांग.”

धाकटी किटली छातीशी धरून पळाली.

ओट्यावर नवरा बसला होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. तो कमरेवर हात ठेवून उठला, हातगाडीवरचे रिकामे कॅन हलवून पाहिले, आणि फार दिवसांनी घरात तोंड उघडलं.

“आता दोन खेपा कराव्या लागतील,” तो म्हणाला, आणि भर उन्हात गाडी घेऊन निघाला.